गावाचा व्हिडिओ गावानेच करावा : वाचकांचे प्रश्न

आमच्या वाडीत दर पावसाळ्यात जुलाबाची साथ येते. त्यावर व्हिडिओ करायचाय. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला बोलवू का?
– एक आशाताई, नाशिक जिल्हा

नको, ताई. पाणी भरणाऱ्या चार-पाच बायकांच्याच हातात मोबाईल द्या. एका पाड्यावर एका मावशींचं बोट अर्ध्या कॅमेऱ्यावर आलं होतं, चित्र हलत होतं. पण त्या थेट हातपंपाच्या तडकलेल्या ओट्याकडे गेल्या. गुरांचं शेणपाणी त्या भेगेतून खाली मुरत होतं. आम्ही आठवडाभर तेच पाणी भरत होतो, भेग दिसली नव्हती. घेतलेलं शूटिंग तिथल्या तिथे सगळ्यांना दाखवा. ‘अगं, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर किती दिवसांनी टाकतात तेही सांग की,’ असं कुणीतरी म्हणतंच. त्या बोलण्यातून पुढचं शूटिंग ठरतं.

गटातल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नाही. जमेल का?

नक्की जमेल. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेतल्या कष्टकरी बायका १९८४ साली व्हिडिओ करायला शिकल्या. त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या.

टीबी झालेल्या बाईला बोलतं करायचंय, पण घरचे घाबरतात.

त्यांची भीती रास्त आहे. संमती दोनदा घ्या : शूटिंगआधी, आणि तयार व्हिडिओ त्यांना दाखवल्यावर. लोकांनी आपली गोष्ट आपणच चित्रातून मांडायची, या पद्धतीची सुरुवात कॅनडातल्या फोगो बेटावर १९६७ साली झाली, तेव्हाही मच्छीमारांना त्यांची दृश्यं आधी दाखवली जात. नको असलेलं काढून टाकता येई. नुसते हात आणि आवाज घेतला तरी चालतं. व्हॉट्सॲपवर मात्र घाईने टाकू नका, एकदा पसरलेला व्हिडिओ परत घेता येत नाही.

व्हिडिओने आरोग्य खरंच सुधारतं?

नुसत्या व्हिडिओने नाही. ओडिशातल्या केओंझार जिल्ह्यात महिला गटांना शेती आणि पोषणावरचे, स्थानिक लोकांनीच केलेले व्हिडिओ दाखवले गेले. लहान मुलांच्या ताटात जास्त प्रकारचं अन्न आलं, पण उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या मुलांचं प्रमाण घटलं नाही. म्हणून व्हिडिओ ग्रामसभेत लावा, सरपंच आणि गावच्या पाण्याची देखभाल करणारा जलसुरक्षक समोर असताना. ओटा कोण, कधी दुरुस्त करणार ते ठरावात लिहून घ्या. ग्राम आरोग्य समितीचा अबंधित निधी (स्थानिक गरजेप्रमाणे खर्चायचा पैसा) वापरता येईल का, ते तिथेच विचारा. काम झालं की त्याच मावशींना त्याच जागी उभं करून पुन्हा शूटिंग करा, आणि पुढच्या ग्रामसभेत दोन्ही चित्रं लागोपाठ दाखवा.