मलप्रभेच्या काठानं सायकलवरून: वाचकांचे प्रश्न

आम्ही तिघे मित्र. बेळगावहून चार दिवस सायकल, रात्री तंबू, असा बेत आहे. सगळे चोर्ला घाट सुचवतात. दुसरी वाट आहे का? – टिळकवाडी

चोर्ला एका दिवसात संपतो. त्यापेक्षा नदी धरा. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि सुमारे 300 किलोमीटरवर कुडलसंगमला कृष्णेला मिळते. जांबोटी, खानापूर, एम. के. हुबळी, सौंदत्ती, रामदुर्ग, पट्टदकल, ऐहोळे अशी गावं वाटेत लागतात. रस्ता सगळीकडे काठानं जात नाही, त्यामुळे अंतर वाढतं. चार दिवसांत उरकायचा हट्ट असेल तर सौंदत्तीला थांबा. जमलं तर सहा काढा. पट्टदकलची देवळं घाईत बघायची नाहीत.

तंबू कुठं ठोकायचा? – खानापूर

कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात रानात अजिबात नको. शेजारीच भीमगड अभयारण्य आहे. गवे, अस्वलं फिरतात. अंधार पडायच्या आत गावात पोचा. देवळाचं आवार किंवा शाळेचं पटांगण, पण आधी पुजारी, मास्तर नाहीतर पंचांना विचारून. खानापूर तालुक्यात मराठीवर भागतं, पुढं कन्नड लागतं. ‘इल्लि मलगबहुदा?’ (इथं झोपता येईल का?) एवढं विचारता आलं तरी बहुतेक ठिकाणी पाठोपाठ चहा येतो.

नदीपात्रात वाळू कितीही मऊ दिसो, तिथं झोपू नका. सौंदत्तीजवळच्या नविलतीर्थ धरणाच्या खाली तर नाहीच. पाणी कधी सुटेल ते तंबूतल्याला कळत नाही. आणि खानापूरकडं दव इतकं पडतं की सकाळी तंबू वाळवण्यातच वेळ जातो, तो हिशेबात धरा.

कोणता महिना बरा? – निपाणी

डिसेंबर-जानेवारी. फक्त दोन गोष्टी. थंडीत वारा पूर्वेकडून येतो, म्हणजे तुमच्या तोंडावर; उजाडताच निघा, दुपारी विसावा घ्या. दुसरं, तेव्हाच उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही. रात्री सायकल चालवणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला यल्लम्माची मोठी गर्दी असते. त्या दिवसांत सौंदत्ती टाळा, किंवा मुद्दाम गाठा, पण तंबूला जागा मिळेल अशी आशा धरू नका.

रोडबाईक चालेल का? – शहापूर

चालेल, पण बारीक टायर नको; फ्रेममध्ये बसतील तेवढे रुंद घाला. सौंदत्तीपुढं बाभळीचे काटे आहेत आणि काळी माती ओली झाली की मडगार्डात चाक अडकवते. ट्यूबचा व्हॉल्व्ह प्रेस्टा, म्हणजे बारीक, असेल तर अडॅप्टर न्याच. खेड्यातल्या पंक्चरवाल्याची हवेची नळी मोटरसायकलच्या व्हॉल्व्हलाच बसते. दोन जादा ट्यूब.

परत कसं यायचं? – वडगाव

बागलकोट स्टेशनवर जाऊन सायकली पार्सलमध्ये बुक करा. गदग, हुबळीमार्गे गाडीनं बेळगाव गाठता येतं. गाडीच्या किती आधी यायचं ते पार्सल ऑफिसात आदल्या दिवशीच विचारून ठेवा. पॅडल आणि हँडल सोडवायला पाना मात्र बरोबर हवा.