मागचा-पुढचा विचार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

आजी भारतातून फोन केला की सारखं ‘मागचा-पुढचा विचार कर’ म्हणते. पुढचा कळतो, पण मागचा कशाला, असं तू विचारलंस.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठा राज्याच्या कारभारावरच्या १७१५ च्या सुमाराच्या ग्रंथात, आरमारासाठी लाकूड कसं आणावं ते सांगितलंय. साग परवानगीने तोडावा. आंबा-फणसाचं लाकूडही कामाचं, पण त्याला हात लावू नये. का? ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. हा मागचा विचार: जे तोडायचं ते उभं राहायला किती काळ लागला, कुणाचे कष्ट गेले. एकाला दुःख देऊन केलेलं काम करणाऱ्यासकट बुडतं, हा पुढचा. आणि झाड जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर? धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावं. हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं. विचार करायचा म्हणजे प्रत्येक वेळी ‘नको’च म्हणायचं असं नाही.

आता तुझं वरच्या पातळीचं गणित, सोडावं की चालू ठेवावं. मागचा विचार तुझा तूच कर, किती वर्षांची तयारी आहे ती. पुढच्यासाठी कागद घे. ‘सोडलं तर’ लिही आणि तीनदा ‘आणि मग?’ विचार. आठवड्याचे चार तास सुटले. आणि मग? ते कशात जातील ते नेमकं लिही. ‘मोकळा वेळ’ लिहिलंस तर फसशील. आणि मग? भौतिकशास्त्रात कलन (कॅल्क्युलस) आलं की काय करशील? तिसऱ्यानंतर थांब, पुढे नुसत्या अटकळी. शेजारी ‘चालू ठेवलं तर’ हा रकाना. तो बहुतेक जण भरतच नाहीत. आजचा त्रास तसाच राहणार हे धरूनच चालतात.

मग शाळेत विचार: सोडलेला विषय परत घेता येतो का, कोणत्या तारखेपर्यंत? येत असेल तर एका संध्याकाळी ठरवून टाक, घोळ घालू नकोस. नसेल तर दोन आठवडे थांब, आणि चाचणीचे मार्क हातात पडतील त्या दिवशी तर मुळीच ठरवू नकोस. कारणं तारीख घालून लिहून ठेव, कारण वर्षभराने आपल्याला सोयीचीच तेवढी आठवतात.

कागदाचा फोटो पाठव. दुसरा रकाना मी आधी बघेन.

तुझी आई