कोपीवरची गृहभेट आणि अहवाल

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालं, सांगलीत बाल संरक्षणाचं काम मिळालं, म्हणजे पहिल्याच हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर, जावं लागणार. मजुरांची टोळी पहाटेच उसाच्या फडात जाते. अकराला गेलात तर धाकट्याला कडेवर घेतलेली आठ-नऊ वर्षांची पोर तेवढी भेटेल. संध्याकाळी चूल पेटल्यावर जा, आणि पोलीस गाडीतून तर नकोच.

वयाचा पुरावा आधी बघा. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ९४: पहिला शाळेचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. नवखे आधारवरची तारीख उतरवून मोकळे होतात. ती अनेकदा अंदाजानं टाकलेली १ जानेवारी असते!

मूल ताब्यात घेतलं तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करायचं. सामाजिक तपासणीला, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीच्या चौकशीला, १५ दिवस. अहवालात ‘परिस्थिती हलाखीची’ एवढ्यावर भागत नाही. पोर रात्री कुठं, कुणाशेजारी झोपते, शाळा कुठल्या महिन्यात सुटली, गावाकडं आजी-चुलते कोण आहेत, हे लिहा. नाहीतर समिती परत पाठवते.

मुलाचा फोटो ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा टाकू नका. ओळख उघड झाली तर त्याच अधिनियमाचं कलम ७४ लागतं.