‘सोको’ म्हणजे नुसते ‘तिथे’ नव्हे

जपानी शिकणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की ‘सोको’ आणि ‘असोको’ या दोहोंचा अर्थ ‘तिथे’ असाच असेल, तर जपान्यांना दोन शब्द हवेत कशाला?

‘कोको जवळ, सोको दूर, असोको फार दूर’ ही घोकंपट्टी ऐकून आमचे कान किटले आहेत. हे अंतर गजाने मोजायचे नसते. ‘कोको’ बोलणाऱ्यापाशी, ‘सोको’ ऐकणाऱ्यापाशी आणि ‘असोको’ दोघांपासूनही लांब. म्हणून पुण्याहून तोक्योतल्या मैत्रिणीला फोन केला, तर हजारो किलोमीटरवरचे तिचे घरही ‘सो’ याच कुळातल्या ‘सोचिरा’ने, म्हणजे ‘तिकडे’ने, दाखवावे लागते. ही मांडणी मानसशास्त्रज्ञ साकुमा कानाए यांनी 1936 मध्ये केली आणि तीच आजही आधाराला घेतात, परंतु तिलाच अखेरचा शब्द मानणाऱ्यांनी टॅक्सीत बसून पाहावे: ‘सोको दे’ थांबवा, असे सांगताना दाखवलेली पुढची जागा चालकापाशी जितकी, तितकीच आपल्यापाशी असते. कुठे निघालात, असे शेजाऱ्याने विचारल्यावर जपानी माणूस ‘च्योत्तो सोको मादे’ म्हणतो. त्याचे मराठी ‘जरा तिथपर्यंत’ असे करणे चूक आहे. आपण अशा वेळी ‘जरा इथवर जाऊन येतो’ म्हणतो.

खरी गंमत मात्र ‘असोको’च्या कुळातल्या ‘अनाता’ची आहे. पाठ्यपुस्तके त्याचा अर्थ सरळ ‘तुम्ही’ असा देतात, आणि मग आपले विद्यार्थी वरिष्ठांनाही ‘अनाता’ म्हणून मोकळे होतात, जे जपानी कानाला उद्धट वाटते. मुळात ‘अनाता’ म्हणजे पलीकडची बाजू. कोनाता, सोनाता, अनाता, दोनाता ही ‘इकडे, तिकडे, पलीकडे, कुणीकडे’ अशी दिशादर्शक चौकडी होती. तिच्यातला ‘दोनाता’ आज ‘आपण कोण?’ असे अदबीने विचारताना उरला आहे. समोरच्याचे नाव घेण्याऐवजी नुसती त्याची दिशा दाखवावी, या संकोचातून एदो काळात (1603 ते 1868) ‘अनाता’ आदरार्थी सर्वनाम झाला आणि पुढे वापरून वापरून त्याचा आदर झिजला.

हा संकोच आम्हांला परका वाटू नये. जुन्या घरांतल्या मराठी बायका नवऱ्याविषयी ‘इकडून सांगणं झालं’ असेच म्हणत, आणि जुन्या वळणाची जपानी पत्नी नवऱ्याला ‘अनाता’ अशीच हाक मारते. दिशा उलटी झाली, अशी शंका कोणी काढील. तर ‘कोनाता’, म्हणजे शब्दशः ‘इकडे’, हाही एके काळी तिथे आदराने ‘आपण’ या अर्थी वापरला जात होता.