सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) दिल्यावर मेलेला समजलेला उंदीर पिशवीत हलू लागला, काय चुकलं?

मुंबईत एम. फार्म. करताना अ‍ॅनिमल हाउसमध्ये, म्हणजे प्रयोगाची जनावरं ठेवतात तिथे, उंदराला गॅसने मारताना हे घडलं, असं तुम्ही लिहिलंय. श्वास थांबल्याबरोबर उंदीर बाहेर काढला गेला, चूक तिथेच झाली. श्वास थांबल्यावरही हृदय काही काळ चालू असतं आणि मोकळी हवा मिळाली की जनावर परत येऊ शकतं. आधीच एकदा गुदमरलेल्या जिवाला पुन्हा त्यातून जावं लागणं, यापेक्षा वाईट काही नाही. म्हणून शेवटच्या श्वासानंतर किमान एक मिनिट गॅस चालूच ठेवायचा.

फ्लो, म्हणजे गॅस आत जाण्याचा वेग, अंदाजाने ठेवू नका. रेग्युलेटरचा काटा दाब दाखवतो, फ्लो नव्हे, त्यासाठी रोटामीटर (फ्लो मोजणारी नळी) लागतोच. दर मिनिटाला, उंदीर ठेवलेल्या पेटीच्या आकारमानाच्या 30 ते 70 टक्के गॅस आत गेला पाहिजे. पेटी 30 × 20 × 15 सेंमी असेल तर ती 9 लिटरची, म्हणजे मिनिटाला 2.7 ते 6.3 लिटर. त्याहून कमी ठेवलात तर धाप लांबते. आधीच गॅस भरलेल्या पेटीत शुद्धीवरचं जनावर कधीच टाकू नका: नाका-डोळ्यांच्या ओल्या अस्तरावर गॅसचं कार्बोनिक आम्ल होतं आणि शुद्ध हरपण्याआधीच आग होते. हा वायू हवेपेक्षा जड असतो, म्हणून झाकण काढलं तरी तळाशी साचून राहतो. पुढच्या खेपेआधी पेटी उलटी करून रिकामी करा. ड्राय आइस वापरू नका, शक्य असेल तर उंदरांना त्यांच्याच पिंजऱ्यात राहू द्या, गर्दी करू नका.

मग खात्री. बुबुळाला हलकेच स्पर्श केल्यावर पापणी हलता कामा नये, पायाचं बोट चिमटल्यावर पाय मागे येता कामा नये, आणि छाती दोन बोटांत धरली तर ठोका लागता कामा नये. त्यावर दुसरी पद्धतही हवीच: छाती दोन्ही बाजूंनी उघडणं, किंवा मान निखळवणं. मान निखळवणं फक्त शिकलेल्या हातांनी, आणि रॅट (मोठ्या जातीचा उंदीर) 200 ग्रॅमच्या आतला असेल तरच. आयएईसीने (संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीने) मंजूर केलेल्या प्रोटोकॉलमध्ये जी लिहिली असेल तीच वापरा.

दहा दिवसांच्या आतली पिल्लं असतील तर वरचं वेळेचं गणित विसरा. त्यांना ऑक्सिजनची कमतरता सोसते. नवजात माउसला (लहान जातीच्या उंदराला) मरायला 50 मिनिटंही लागू शकतात. त्यांच्यासाठी वेगळी पद्धत व्हेटशी (पशुवैद्याशी) आधीच ठरवून घ्या.

झालेली घटना आजच रजिस्टरमध्ये नोंदवा आणि व्हेटला सांगा.