क्रमिका आणि सिरीज: आधी एवढंच कर

गाइडसाठी लगेच अप्पा बळवंत चौकात धावू नकोस, वही पुरेल. क्रमिका म्हणजे ओळीने मांडलेल्या संख्या, सिरीज म्हणजे त्यांची बेरीज. बरीच मुलं इथेच घसरतात: विचारलेलं असतं दहावं पद, काढतात दहा पदांची बेरीज!

- ५, ८, ११… यात दहावं पद ५ + ९ × ३ = ३२. दहाने गुणू नकोस, उड्या नऊच.
- बेरीज ५ × (५ + ३२) = १८५. पहिलं-शेवटचं, दुसरं-नववं अशा पाच जोड्या लावून बघ, सूत्र पाठ करावं लागणार नाही.

आणि पदं लहान होत गेली की बेरीज आटोक्यात राहते, हा गैरसमज आत्ताच काढ. १/२ + १/४ + १/८… ही १ कडे जाते. १/२ + १/३ + १/४… मात्र वाढतच जाते, कुठल्याही संख्येच्या पुढे. बेरीज आटोक्यात राहते की नाही हे ओळखायच्या कसोट्या वगैरे दिवाळीनंतर बघू.