मिरजेचं घर तारण ठेवून अमेरिकेत हॉस्पिटल मॅनेजमेंट शिकावं का?

प्रश्न : मी २७ वर्षांची फिजिओथेरपिस्ट. तीन वर्षांपासून पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयाच्या क्वालिटी विभागात आहे, रुग्णालयांच्या दर्जाला मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या ऑडिटची तयारी माझ्याकडे असते. हातात ४६ हजार पडतात. अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात आरोग्यसेवा प्रशासन आणि आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन अशा दोन वर्षांच्या जोड पदवीसाठी प्रवेश मिळाला आहे. एकूण खर्च ६२ लाख. ८ लाखांची शिष्यवृत्ती, माझी बचत ६ लाख, बाबा पीएफमधून ८ लाख द्यायला तयार आहेत आणि ४० लाखांचं कर्ज मिरजेचं घर तारण ठेवून. बाबा एसटीत मेकॅनिक आहेत, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. धाकटा भाऊ बारावीत आहे. जाऊ का?

उत्तर : या हिशेबानं जाऊ नका. पण प्रवेशाला नकारही कळवू नका. का, ते सांगतो.

आधी कर्जाचे खरे आकडे पाहू. व्याज साडेदहा टक्के आणि मुदत दहा वर्षं धरू. पहिले २० लाख सुरुवातीला, उरलेले २० लाख वर्षभरानं उचललेत, आणि शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी हप्ते सुरू झाले. या अडीच वर्षांत सुमारे ८ लाख ४० हजार रुपये व्याज चढतं. ते तेव्हाच भरलं नाही, तर ४८ लाख ४० हजारांवर हप्ता बसतो : महिन्याला ६५ हजारांच्या थोडा वर. दहा वर्षांत बँकेला सुमारे ७८ लाख जातात.

एक डॉलर ९० रुपये धरला, तर हा हप्ता सव्वासातशे डॉलर होतो. तिथे नोकरी लागली, तर काटकसरीनं राहून तो सहज फिटेल. तुम्हाला कर्ज देणारा माणूस हेच गणित दाखवत असेल आणि ते चुकीचं नाही. पण पुण्याला परत यावं लागलं आणि नव्या पदवीवर समजा ८० हजार हातात पडले, तर हप्ता जाऊन १५ हजार उरतात. तेवढ्यात पुण्यात कॉट बेसिसवरही नीट राहता येत नाही. म्हणजे घराचं भवितव्य एकाच गोष्टीवर टांगलेलं आहे : पदवीनंतर तिथे वेळेत नोकरी मिळते की नाही.

आणि इथेच तुमच्या विषयाची अडचण आहे. पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर तिथे १२ महिने काम करता येतं, त्याला ओपीटी म्हणतात. त्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. इंजिनिअरिंग, संगणक अशा ‘स्टेम’ विषयांना आणखी २४ महिने मिळतात. तुमच्या ओळखीतली जी मुलं तिथे स्थिरावली, त्यातली बहुतेक या ३६ महिन्यांच्या जोरावर स्थिरावली असतील. आरोग्यसेवा प्रशासनाचा नेहमीचा अभ्यासक्रम-कोड ५१.०७०१ आहे आणि तो स्टेमच्या यादीत नाही. व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या आय-२० फॉर्मवर तुमचा कोणता कोड छापलाय, ते आजच पाहा. काही विद्यापीठं संख्याशास्त्राकडे किंवा हेल्थ इन्फर्मॅटिक्सकडे झुकणारा अभ्यासक्रम स्टेम कोडखाली चालवतात. तसा कोड असेल, तर माझं मत बरंच बदलेल.

पुढे एच-१बी, म्हणजे तिथला नोकरीचा व्हिसा. वर्षाला ६५ हजार आणि तिथल्या पदव्युत्तरांसाठी वेगळे २० हजार, एवढेच व्हिसा, त्यासाठी सोडत. मात्र विद्यापीठांशी संलग्न असलेल्या ना-नफा रुग्णालयांना ही मर्यादा लागू नाही. ती वर्षभरात कधीही अर्ज करू शकतात. तुमच्या क्षेत्राला ही मोठी सवलत आहे आणि आयटीवाल्यांना ती सहसा मिळत नाही. तेव्हा विद्यापीठाला स्वतःचं रुग्णालय आहे का, हा प्रश्न त्याच्या रँकिंगपेक्षा महत्त्वाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. तिथेच राहून विद्यार्थी व्हिसावरून बदल करणाऱ्यांना ते लागू नसल्याचं नंतर स्पष्ट झालं. पण एकदा भारतात परतलात, तर पुन्हा तिकडे नेण्यासाठी कुठलं रुग्णालय एवढे पैसे भरेल?

शिकलेलं परत आल्यावर किती कामाला येतं, हेही बघायला हवं. तिथल्या प्रशासनाचा मोठा भाग म्हणजे विमा कंपन्या, मेडिकेअर हा तिथला ज्येष्ठांचा सरकारी विमा, आजाराच्या गटानुसार ठरलेले दर, बिलासाठी निदान-उपचारांचं कोडिंग. आपल्याकडे २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चातला ३९.४ टक्के खर्च लोक स्वतःच्या खिशातून करतात. डिस्चार्जच्या वेळी बिलिंगच्या खिडकीपाशी नातेवाईक पैशांची जमवाजमव करत उभे असतात, ते तुम्ही रोज पाहता. विम्याचे दावे हाताळणारा टीपीए डेस्क, कॅशलेसची मंजुरी, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे दावे, हे तिथे कोणी शिकवणार नाही. क्वालिटी, ऑपरेशन्स, रुग्णसुरक्षा मात्र कुठेही चालतं आणि तो पाया तुमच्याकडे आहे. आंतरराष्ट्रीय व्यवस्थापनाच्या जोडीबद्दल मी साशंक आहे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत परदेशी रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग असतात, तिथे जायला अनुभव पुरतो. जोड पदवी सोडून एकच पदवी घेतली, तर एखादं सत्र आणि त्याचा खर्च वाचतो का, ते विद्यापीठाला विचारा.

आता बाबांबद्दल. तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त काळजी त्यांच्या पीएफच्या ओळीची वाटली. एसटीत आयुष्य काढलेल्या माणसाला पीएफसोबतच्या ईपीएस-९५ या पेन्शन योजनेतून महिन्याला सहसा साडेसात हजारांच्या आतच पेन्शन बसतं. आई-बाबांचं म्हातारपण त्या पीएफवर आणि स्वतःच्या घरावर उभं आहे. बाबा ‘घे’ म्हणतील, मनापासून म्हणतील. तरी त्या ८ लाखांना तुम्ही हात लावू नये, असं मला ठामपणे वाटतं. भावाचं शिक्षणही पुढच्याच वर्षी सुरू होतंय.

एजंटनं शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची ‘८०ई’ची करसवलत सांगितली असेल. ती फक्त जुन्या करप्रणालीत आणि भारतातल्या उत्पन्नावर मिळते. तुम्ही तिथे कमावणार, बाबा निवृत्त. मग ती वजावट घेणार कोण?

मग करायचं काय? विद्यापीठाला या आठवड्यात मेल करा : प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, शिष्यवृत्ती टिकेल का, ग्रॅज्युएट असिस्टंटशिप (विद्यापीठातच अर्धवेळ काम) मिळून फी माफ होऊ शकते का, आणि अभ्यासक्रमाला सीएएचएमई या संस्थेची मान्यता आहे का. गेल्या दोन तुकड्यांतल्या परदेशी विद्यार्थ्यांना कुठे नोकऱ्या लागल्या, तेही लेखी मागा. सगळ्या विद्यार्थ्यांचा एकत्र आकडा पाठवला, तर तो तुमच्या कामाचा नाही.

मिळालेल्या वर्षात जे. एन. टाटा एन्डाउमेंटच्या कर्ज-शिष्यवृत्तीसाठी आणि के. सी. महिंद्रा ट्रस्टच्या बिनव्याजी कर्जासाठी अर्ज करा. सोबतच इथल्या पदव्युत्तर प्रवेशाची सीयूईटी-पीजी परीक्षा द्या. तिच्यातून प्रवेश मिळणारी, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतली (टिस) हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची पदव्युत्तर पदवी इथल्या रुग्णालयांत चांगली ओळखली जाते आणि तिचा खर्च घर तारण न ठेवता झेपण्यासारखा आहे.

पुण्याच्या पगारात २५ हजारांपेक्षा जास्त हप्ता तुम्ही पेलू शकणार नाही, असं मी धरतो. याच व्याजानं मागे हिशेब केला, तर कर्ज १५ लाखांच्या आसपास येतं. असिस्टंटशिप आणि शिष्यवृत्त्या मिळून कर्जाची गरज तिथवर उतरली आणि शिवाय कोड स्टेमचा निघाला किंवा विद्यापीठाचं रुग्णालय असलं, तर जा. तेव्हाही घराची कागदपत्रं बँकेत द्यायची नाहीत. विद्यापीठाचं उत्तर आलं की आय-२० ची प्रत आणि बँकेचं मंजुरीपत्र पाठवा, नवे आकडे घालून हप्ता पुन्हा काढून देतो.